‘हिअर’ आणि ‘लिसन’मधला फरक

अहो,
घरी सगळ्यांना नमस्कार, छकुलीला पापा.

तुम्ही सोमवारची इंग्रजीची परीक्षा पास झालात, तरी या वर्षी तुम्हाला आणि छकुलीला व्हिसा काढून इथे आणता येणार नाही. मी कामाला आहे त्या वृद्धाश्रमाच्या मॅनेजरबाईंनी काल स्वतः सांगितलं. मी बरी आहे, वेळेवर जेवते.

तुम्ही फोनवर विचारलंत ना? ‘हिअर’ म्हणजे नुसतं कानावर पडणं. ‘लिसन’ म्हणजे कान देऊन ऐकणं. कुणाचं ऐकलं ते सांगताना त्याला ‘टू’ जोडावा लागतो. सासूबाईंचं तुम्ही ‘लिसन’ करता, माझं ‘हिअर’.

काल बाईंनी मला बसवलं, चहा दिला, म्हणाल्या, “बोल, अगदी मोकळेपणाने बोल.” मी छकुलीचं सांगता सांगता रडले. त्यांनी मान डोलावली आणि आधीच टाइप करून ठेवलेला नकार पुढे सरकवला. इथली पद्धतच आहे ती. ‘हिअर’चं उदाहरण म्हणून हे लक्षात ठेवा.

तिचा खोकला गेला का?

सोमवारी परीक्षा द्याच. जूनमध्ये मात्र छकुलीला तिथल्याच शाळेत घाला. पहिल्या दिवशी सोडायला आत्याला पाठवू नका, तुम्ही जा.

तुमची,
छकुलीची आई