कोकणात कॅमेरा का येत नाही

३ ऑक्टोबर, शुक्रवार
आज शिकारीच्या त्या शोचा सीझन संपला. अलास्का झालं, नामिबिया झालं, न्यूझीलंड तर दोनदा. शेवटी तो दाढीवाला होस्ट म्हणाला, आम्ही जगाचा कानाकोपरा पाहिला. मी सोफ्यावरून उठून उभा राहिलो. कानाकोपरा म्हणे. आणि कोकण?
बायकोला, कुंदाला विचारलं, हा अन्याय नाही का? ती म्हणाली, आधी बाजूला हो, तुझ्यामागे टीव्ही आहे.
ठरलं. आता या विषयाचा छडा लावायचा. रोजनिशीही आजपासूनच. कुणाला दाखवायची नाही.

४ ऑक्टोबर, शनिवार
सकाळी सहाला उठून अभ्यास करायचा होता. साडेदहाला उठलो. वीकएंडला मेंदू उशिराच तापतो.
इशिताला थिअरी सांगितली. ती मास कॉमच्या दुसऱ्या वर्षाला आहे, मीडियातलं थोडंफार कळतं. पण उत्तर इंग्लिशमध्ये आलं. "बाबा, हंटिंग इज इल्लीगल इन इंडिया. सिन्स नाइन्टीन सेव्हन्टी टू."
ही तांत्रिक बाब झाली. बंदी रानातल्या जनावरांवर आहे. कुर्ल्यांचं, म्हणजे खेकड्यांचं काय? खाडीत उतरून कुर्ली पकडणं ही शिकारच. किंबहुना जास्त अवघड, कारण हरिण चावत नाही.
आमचं घराणं कुडाळचं. खाडी रक्तात आहे. मी स्वतः नऊ वर्षांचा असताना एकदा काकांबरोबर गेलो होतो. बराच वेळ काठावर उभं राहून निरीक्षण केलं होतं.

७ ऑक्टोबर, मंगळवार
शारजा ते दुबई इन्व्हेस्टमेंट्स पार्क, सकाळचा ट्रॅफिक. गाडीत कमरुद्दीन असतो. आमच्याच पॅकेजिंग कंपनीत अकाउंट्सला आहे, मूळचा कासरगोडचा. त्याला कोकण किनाऱ्यावरचा मीडियाचा बहिष्कार समजावला. घराजवळच्या अल मजाजपासून सुरू केलं ते थेट फॅक्टरीच्या गेटपर्यंत. तो म्हणाला, "भाई, हमारे कासरगोड भी कोई नहीं आता." मी म्हटलं, तुमचा विषय वेगळा.

१२ ऑक्टोबर, रविवार
चॅनेलला मेल पाठवला. चार पानं, सोबत नकाशा. सही: सतीश कुडतरकर, पारंपरिक खेकडा-शिकारी (वंशपरंपरागत). कंपनीतला हुद्दा लिहिला नाही. असिस्टंट मॅनेजर, प्रोक्युअरमेंट हे वाचून कुणी भाल्याची कल्पना करत नाही.

१९ ऑक्टोबर, रविवार
उत्तर आलं. परवा लक्ष्मीपूजन, आज बातमी.
चॅनेलसाठी दुबईतली एक छोटी कंपनी आखातातले एपिसोड बनवते. तिथली प्रोड्यूसर उझमा म्हणून आहे, लखनौची. फोनवर म्हणाली, "सर, हम उम्म अल क्वैन में क्रॅब हंटिंग शूट कर रहे हैं. आप जैसे एक्सपर्ट दो मिनिट बोल दें तो अच्छा रहेगा."
दोन मिनिटं. तिला कल्पना नाही तिला काय मिळतंय.
कुंदाला सांगितलं. ती करंजीला मुरड घालत होती. "तू एक्सपर्ट कधी झालास?" कुंदा साताऱ्याची. तिला खाडी काय कळणार.

२५ ऑक्टोबर, शनिवार
सराव. मासळी बाजारातून सहा जिवंत खेकडे आणले आणि टबमध्ये सोडले. हाताने मागून पकडायचं, हे तत्त्व माहीत आहे. अडचण एवढीच की खेकड्याला ते तत्त्व माहीत असतं, आणि तो वळतो.
पाच खेकडे कुंदाने चिमट्याने उचलले. सहावा वॉशिंग मशीनच्या मागे गेला. मी त्याला सोडून दिला. खरा शिकारी सगळं मारत नाही, काही राखतो.

२७ ऑक्टोबर, सोमवार
वॉशिंग मशीन सरकवायला माणूस बोलवावा लागला. वास गेला आहे, असं मला वाटतं. कुंदाला वाटत नाही.

१ नोव्हेंबर, शनिवार
गमबूट घेतले. पंच्याऐंशी दिरहॅम. कुंदाने लगेच दोन हजार रुपये म्हणून मोठ्याने सांगितलं. मी म्हटलं, कोकणाच्या प्रतिष्ठेपुढे दोन हजार काय. ती म्हणाली, कोकणाला सांग अर्धे दे.
दोन मिनिटांचं भाषण लिहिलं. वाचून पाहिलं तर सतरा मिनिटं. थोडं भरभर बोलेन.
कमरुद्दीन हल्ली गाडीत हेडफोन लावतो. बहुधा कुराण ऐकत असेल.

८ नोव्हेंबर, शनिवार, रात्री
सविस्तर लिहितो.
जॅकेट धरायला इशिताला बरोबर नेलं. उझमा तिशीतली, मोठ्या टोपीतली, सारखी घड्याळ बघणारी बाई. उम्म अल क्वैनच्या खाडीत ऊन उतरताना आम्ही बोटीने निघालो आणि खारफुटीशेजारी उथळ पाण्यात उतरलो. गुडघाभर पाणी. हातात तीन टोकांचा भाला. भरती येईपर्यंतच वेळ होता.
उझमाने सांगितलं, "सर, आप बस पानी में देखिए. क्रॅब दिखे तो इशारा कीजिए. बातें बाद में."
पण मला वाटलं, प्रेक्षकाला आधी पार्श्वभूमी हवी. मी सुरुवात केली. कोकण, सातशे किलोमीटरचा किनारा, त्याची उपेक्षा. कॅमेरावाला कुणालातरी विचारून माझ्याकडे वळला. मी रंगलो. मधेच इशिता म्हणाली, "बाबा, बिहाइंड यू." मी हात करून तिला थांबवलं. एवढ्या महत्त्वाच्या मुद्द्यावर मधे बोलायचं नसतं.
नंतर कळलं, त्याच वेळी माझ्या मागून निळ्या खेकड्यांची रांगच्या रांग गेली. बोटीचा टूरवाला म्हणाला, पूर्ण मोसमात अशी दिसत नाही.
भाषणाच्या शेवटी एक खेकडा माझ्याकडेही आला. चांगला पंज्याएवढा. मी बाजूला झालो. हे भिऊन नाही. वाट त्याची होती.
मग पाणी मांड्यांपर्यंत चढलं आणि उझमा म्हणाली, "खलास, पॅक अप."
परतताना बोटीत तिला थेट विचारलं, कोकणाविरुद्ध हे कुणाचं राजकारण आहे?
ती टोपी काढून म्हणाली, "किसी का नहीं, सर. जहाँ परमिट मिलता है, कोई होटल दे देता है, वहाँ जाते हैं. और जहाँ पानी चढ़ने से पहले कुछ हो जाए. आपके यहाँ से आज तक किसी ने बुलाया ही नहीं."
मी म्हटलं, मी बोलावतो.
"रुकेंगे कहाँ?"
चुलतभावाकडे, मी म्हटलं. प्रशस्त घर आहे.
"बारह लोग हैं. बाथरूम?"
एक आहे, मी म्हटलं. दुसऱ्याचं काम चालू आहे. २०१९ पासून, हे सांगितलं नाही. तपशिलात शिरायची ती वेळ नव्हती.
उतरताना तिने इशिताचा नंबर घेतला. माझा फोन कधी कधी सायलेंटवर असतो, म्हणून असेल.

९ नोव्हेंबर, रविवार
अंग दुखतंय. खाडीत उभं राहण्याचे स्नायू वेगळे असतात.
कुडाळला ताईला कळवलं की एपिसोड १३ डिसेंबरला आहे. तिने गावात सांगितलं. तिथे चॅनेल दिसत नाही, तेव्हा व्हिडिओ कॉलवर दाखवायचं ठरलं.

१६ नोव्हेंबर, रविवार
उझमाला मेल: माझ्या भाषणात काही सुधारणा. उत्तर नाही. एडिटिंगमध्ये असेल.
इशिता काहीतरी सांगत होती, शनिवारी कुठे जायचं म्हणून. मी सुधारणा क्रमांक चौदावर होतो. म्हटलं, जा.

२९ नोव्हेंबर, शनिवार
इशिता पुन्हा दिवसभर बाहेर. येताना चेहरा उन्हाने लाल, बुटात वाळू. मी विचारलं, कॉलेजचं काय चाललंय? ती म्हणाली, "बाबा, आय टोल्ड यू. ट्वाइस." मी म्हटलं, हो हो. कुंदाने माझ्याकडे बघितलं. काय ते विचारणार होतो, पण तेवढ्यात पाहुण्यांच्या यादीची आठवण झाली.

१३ डिसेंबर, शनिवार
घरी गर्दी. महाराष्ट्र मंडळाची तीन कुटुंबं, कमरुद्दीन आणि त्याची बायको, फोनवर ताई आणि तिच्यामागे अर्धी वाडी. कुंदाने वडे केले. मी जॅकेट घातलं, सात वाजताच.
एपिसोड सुरू झाला. वाळवंट. ससाणा. वाळूवरून उडणारं सावज आणि त्यावर झेपावणारा पक्षी. खाली ठिकाणाचं नाव, रास अल खैमा.
पाणी नाही. खेकडा नाही. मी नाही.
पाच मिनिटं मी वाट पाहिली. मग ताईने फोनवरून विचारलं, "सतीश, तू खंय दिसतलंस?" सगळे माझ्याकडे बघू लागले. तेव्हा मला उभं राहून खुलासा करावा लागला. म्हटलं, हे असंच होतं. एखादा प्रदेश दाखवायची वेळ आली की ऐन वेळी कॅमेरा दुसरीकडे वळवला जातो. आधी कोकण, आता उम्म अल क्वैन. मी हे सविस्तर मांडलं. ससाणा परत मालकाच्या हातावर आला, तरी माझे दोन मुद्दे बाकी होते.
शेवटच्या मुद्द्याला सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. कमरुद्दीनने तर शिट्टी मारली. फोनमधून ताईचा आवाज आला, "बाय माझी गो." मी हात जोडले, आभार मानले. इतका प्रतिसाद अपेक्षित नव्हता.
पाहुणे गेल्यावर कुंदा भांडी आवरता आवरता म्हणाली, "तू पाहिलंस ना?"
काय?
"शेवटी. नावं येतात तेव्हा. असिस्टंट, इशिता सतीश कुडतरकर."
मी म्हटलं, अर्थातच.
एक वडा उरला होता, तो कुंदाने माझ्यापुढे ठेवला.
मग तिने सांगितलं, खाडीतल्या शूटच्या दिवशी पाणी चढत असताना इशिताने कॅमेऱ्याच्या बॅगा डोक्यावर घेऊन बोटीत ठेवल्या. मी बोलत असतानाच. उझमाने त्याच दिवशी तिला विचारलं होतं, पुढच्या शूटला येशील का. रास अल खैमाच्या शूटला ती होती. दोन्ही शनिवार.
हे सगळं माझ्या मेलमुळे सुरू झालं, हे विसरून चालणार नाही. पण आज कुणाला सांगितलं नाही.

१४ डिसेंबर, रविवार
चॅनेलच्या ॲपवर एपिसोड शोधला. इथे उपलब्ध नाही असं येतंय. पण मंगळवारी दुपारी दोनला रिपीट आहे.
इशिताला म्हटलं, त्या दिवशी माझा मुद्दा चालू होता, नाहीतर. ती म्हणाली, "इट्स ओके, बाबा." आणि नेहमीप्रमाणे हसली. नेहमीप्रमाणेच होतं बहुतेक. नीट बघितलं नाही कधी.

१६ डिसेंबर, मंगळवार
हाफ डे टाकला. कारण लिहिलं: फॅमिली फंक्शन. कमरुद्दीन म्हणाला, "भाई, मुबारक." त्याने त्या दिवशी नाव नीट वाचलं होतं. स्पेलिंगही सांगितलं.
दोनच्या आधी टीव्हीसमोर बसलो. फोन बंद. एक शब्द बोललो नाही, घरात कुणी नव्हतंच. ससाणा उडाला, परत आला, मालकाच्या हातावर बसला. मी पुढे सरकलो.
नावं सुरू झाली आणि स्क्रीन आकसली. डाव्या कोपऱ्यात मुंगीएवढी अक्षरं भराभर वर गेली आणि बाकी सगळीकडे एसीच्या सर्व्हिसिंगची जाहिरात. टीव्हीला नाक लावलं. एका ठिकाणी के हे अक्षर दिसलं असं वाटतं. खात्री नाही.
संध्याकाळी इशिता आली. मी चहा केला, तिच्यासाठीही. विचारलं, तुझं नाव टीव्हीवर कसं दिसत होतं?
तिने कप खाली ठेवला. मग म्हणाली, "व्हाइट लेटर्स, बाबा. ऑन ब्लॅक."
मी म्हटलं, आणखी सांग.
"दॅट्स इट. थ्री सेकंड्स."
छान दिसत असणार.