नकाशे पुसायचे नाहीत

प्रिय फाबियानुस,

एप्रिलमध्ये तू येऊन गेलास, त्यानंतर मी तुझा एकही फोन घेतला नाही. रागावले होतेच, पण खरं सांगायचं तर कामात होते.

त्या दिवशी माझ्या हातची कॉफी पिता पिता तू सहज म्हणालास, "ताई, गावच्या जमिनीचे ते नकाशे पुसून टाक. एकाच संगणकात तर आहेत. कंपनीला तिथे पामतेलाची झाडं लावू दे, जमिनीचा वाद मिटेल." अरे, तीन वर्षं आम्ही बायका रबराच्या बागा, झरे, पूर्वजांच्या कबरी पायी फिरून मोजत होतो. जळवा काढून काढून पोटऱ्या सोलून निघाल्या. ते सगळं शाळेच्या एका जुन्या संगणकात पडलंय, हे तू बोललास तेव्हा कुठे माझ्या डोक्यात शिरलं.

मग ठरवलं, त्याच संगणकावर सर्व्हर उभा करायचा, म्हणजे आजूबाजूच्या गावांना या फायली थेट उतरवून घेता येतील. अठ्ठावन्न वर्षांची निवृत्त शिक्षिका मी! पोन्तियानाक शहरातल्या, गावाची बाजू मांडणाऱ्या वकीलबाईंनी प्रोग्राम पाठवला, बाकी सगळं पुस्तिका वाचून केलं. नऊ दिवस लागले. संगणकाला कायमचा एकच पत्ता द्यावा लागतो, नाहीतर वीज गेली की तो बदलतो आणि लोक शोधत बसतात. राउटरमधून बाहेरची वाट मोकळी करायची राहिलीय, हे कळायलाच चार दिवस गेले. शेजारची सानिप आजी रोज सुपारी चघळत बाजूला बसायची. "काय गं मास्तरीण, आज तरी उघडलं का तुझं दार?" म्हणून खो खो हसायची. एकदा तिला सांगितलं, प्रत्येक गावाला खातं दिलंय. वाचता येईल, नेता येईल, पुसता मात्र कुणालाच येणार नाही. तशी ती हसायची थांबली. म्हणाली, "मग माझ्या नवऱ्याची कबर आधी पाठव."

तीच फायल पहिली गेली. नदीपल्याडच्या गावातून फोन आला, "उतरली हो बाई! उघडली पण!" टेबलावर डोकं टेकून मी रडले, आणि आजी माझ्या पाठीत धपाटे घालत राहिली.

काल तुमच्या सरकारी कचेरीची नोटीस आली. गुरुवारी संगणक जप्त करणार म्हणे, आणि खाली तुझी सही. बघताक्षणी ओळखली, तुझं अक्षर मीच वळवून घेतलं होतं. म्हणून हे पत्र. ये तू. तारा गुंडाळून संगणक मी स्वतः तुझ्या हातात देईन. एकतीस गावांनी फायली उतरवून घेतल्यात, वकीलबाईंनीही. तुझी प्रत सोबतच्या पेनड्राइव्हमध्ये आहे. बाबांनी तुझ्या जन्माच्या वर्षी लावलेली दुरियानच्या फळांची सात झाडं त्यात तुझ्या नावाने नोंदवली आहेत. तू सही केलेल्या त्या नोटिशीत त्या जागेला 'ओसाड जमीन' असं लिहिलंय. सही करण्याआधी तू ती जागा बघायला आला नाहीस, म्हणून पाठवते आहे.

तुझीच,
थोरली बहीण लुसिया