बाबा बाळंतपणाले येऊन राह्यले

प्रिय माय,

तू गेल्यावर तुले कधी लिहिलं नाही. आज लिहून राह्यली, कारण मी म्युनिकच्या विमानतळावर बाकड्यावर बसून आहो, नववा महिना लागला आहे, अन् बाबाचं विमान उतरून लय वेळ झाला तरी बाबा बाहेर आले नाहीत. त्यायचा फोनही लागत नाही. मले भेव लागून राह्यलं माय, लय भेव. तुले नाही त कोणाले सांगू?

हाव, आपले बाबा! रिसोडच्या बाजारात मेथी-वांगे विकणारे, अकोल्याच्या पुढं कधी न गेलेले. एकटेच निघाले, दुबईले विमान बदलून. अन् कायच्यासाठी? लेकीच्या बाळंतपणासाठी! बाप कुठी बाळंतपणाले जाते काय?

पण मी तरी काय करू? पहिलं बाळंतपण माहेरीच, असं तूच म्हणत होती न? मंग माहेरी ठेवलं कोण तू? म्हणून मी म्हटलं, इथंच होऊ दे. प्रवीण म्हणे, "दवाखाना चांगला आहे, कायले भेतं?" जावयाचं तुह्या बरं आहे! आताही तो कंपनीच्या कामानं दुसऱ्या शहरात आहे, परवा येईन.

दवाखान्याचं भेव नाही वं. तिथपर्यंत पोचायचं भेव आहे. नाताळच्या सुट्ट्या लागल्या की इथं दुकानं बंद, रस्ते ओस. बर्फावर पाय घसरते. ट्राममधे अशी शांतता, की खोकाची लाज वाटते. आपल्या रिसोडच्या जीपमधे पोटुशी बाई चढली की सारे सरकतात, अन् एखादी म्हातारी विचारतेच, "कितवा महिना वं पोरी?" इथं जागा देतात, पण बोलत कोणीच नाही. रस्त्यातच कळा आल्या त मी कोणत्या भाषेत वरडू?

आमी दुबईले होतो तेव्हा तू आलती, आठवते? मेट्रोत तू पार पुढच्या डब्यात गेली, ड्रायव्हर पाहाले. अन् ड्रायव्हरच नाही! "अवं माय! मंग आपन कोनाच्या भरवशावर बसलो?" पुढच्याच टेसनावर मले ओढत उतरवलं तू. भर उन्हात पायी घरी आलो आपण, अन् मी हसून हसून लोटपोट. आता नाही हसू येत. शहरं बदलली, गाड्या बदलल्या, पण मी कोणाच्या भरवशावर बसली, तेच समजत नाही.

तुह्यावर रागही आहे माझा. छातीत दुखते हे कोणाले सांगतलं नाही तू. मी विमानातून उतरून रिसोडच्या वाटेवर किन्हीराजाच्या फाट्यापर्यंत पोचली, तोवर घरी सारं आटोपलं होतं. एवढी कायची घाई वं? नातवाचं तोंड पाहून गेली असती त काय बिघडलं असतं?

खरं सांगू? मले मरायचं भेव वाटते. असं तोंडातून काढू नाही, माहीत आहे. तू असती त आधी माझ्यावरून मीठ-मिरच्या उतरवल्या असत्या. पण तू अशी उभ्याउभ्या चालली गेली. मीही गेली त लेकराले कोण आहे?

हेच मी बाबाले फोनवर बोलली अन् रडली. बाबा म्हणे, "मी येतो."

"तुमी येऊन काय करसान बाबा?"

"म्हशीचं केलं, तुह्यं नाही होत काय?"

माय वं! रडता रडता हसली मी. तेवढ्यावर ते थांबले नाहीत. शेजारच्या गंगाकाकूजवळ बसून डिंकाचे लाडू शिकले. पहिले लाडू म्हणे बत्त्यानं फोडा लागले. पासपोर्ट काढला. चुलतभाऊ मुंबईपर्यंत सोडून आला. त्याच्या पुढं कोणीच नाही. दुबईले रस्ता चुकले असतीन काय? विमानात बसले तरी असतीन न? मी त बोलावलं नाही, पण माझ्याच रडण्यानं निघाले न ते!

थांब. फोन वाजून राह्यला. नंबर अनोळखी आहे. उचलाची हिंमत होत नाही माय.

उचलला. बाबाच होते! आतल्या कस्टमच्या साहेबाच्या फोनवरून.

"बाई, इथी साहेबानं पिशवी उघडली. लाडवाले काही म्हनला नाही. पन तुह्या मायचे लुगडे उलटेपालटे करून पाहून राह्यला. फाटके काहून आनले, असं इचारते वाटते. बारशापर्यंत लेकराले नवं कापड लावू नाही, हे याले कसं सांगू?"

तुहे लुगडे माय! तुह्या अंगावर धुऊन धुऊन मऊ झालेले. बाबानं घडी करून इथपर्यंत आणले.

साहेब फोनवर आला. माझी जर्मन दूध-ब्रेडापुरती. तरी बोलली, "आजीचे कपडे आहेत. आजी नाही. बाळ येऊन राह्यलं." मंग बाबाचा आवाज आला, हळूच, "बाई, साहेब घड्या घालून राह्यला वं."

भेव गेलं नाही माय. कळा आल्या की मी तुह्याच नावानं वरडीन, कोणाले समजो का न समजो. पण तुह्या लुगड्यात लेकरू मीच गुंडाळीन, माझ्या हातानं, जित्ती राहून. एवढं वचन घे.

तुही,
भेकड लेक
संगी