सिंहासनाचं लाकूड

राजवाडा, मियाको
सशाचं वर्ष, नववा महिना, सहावी तिथी

ती. आत्याबाईंस,
चिकाकोचा कृ. सा. न. वि. वि.

इकडे सर्वांच्या प्रकृती बऱ्या आहेत. पश्चिमेची भिंत पडली. आता गावातली माणसं तिथूनच बाजाराला जातात आणि जाताना बाबांना नमस्कार करतात.

माझ्या हातून मोठी चूक झाली आहे. पश्चिमेच्या कुसाबे सरदारानं बाबांच्या राज्यारोहणाच्या मंडपासाठी लाकूड देऊ केलं होतं. बदल्यात त्याच्या मुलाला मी हवी होते. बाबांनी नकार कळवायला सांगितलं. आजीच्या वेळेपासूनच्या आपल्या इयोबाईंची नजर अधू झाल्यापासून वाड्याची पत्रं मी लिहिते. रीतीप्रमाणे चार ओळी पानभर विखरून लिहिल्या: मुलगी द्यावी / हे मनाला पटत नाही / सोहळा राहून जावा / हे पटतं. पहिली ओळ दाट शाईची, पुढची प्रत्येक फिकी, म्हणजे वाचणाऱ्याला क्रम कळतो. पण शाईची कांडी संपत आली होती, म्हणून मी सुरुवातीपासूनच शाई पातळ केली. चारही ओळी सारख्याच फिक्या उमटल्या. तिकडच्या कारकुनानं दुसरी ओळ चौथ्या जागी वाचली आणि चौथी दुसऱ्या.

गेल्या महिन्यात बारा गाड्या सुरूचं लाकूड आलं. बाबांनी लगेच दुसरं पत्र धाडलं. सरदाराचं उत्तर असं, की दिलेलं परत नेणं त्याला शोभत नाही. ज्या दिवशी त्यातली एक फळी वापरली जाईल त्या दिवशी तो होकार धरील आणि पालखी पाठवील. मी बाबांना म्हणाले, चूक माझी, मी जाते. त्यांनी मला शाई उगाळायचा दगड धुवायला पाठवलं.

पैशाअभावी सतरा वर्षं ते सिंहासनाविना सम्राट आहेत. मी गेले तर सोहळा होईल. तुम्ही सांगाल तसं करीन.

आपल्या मायेत आहे,
चिकाको


नारा
नववा महिना, विसावी तिथी

चि. चिकाकोस अनेक आशीर्वाद.

सोबत शाईच्या दोन कांड्या पाठवते. इथल्या मठात काजळीला तोटा नाही. दाट उगाळ. तुझी चूक शाईची आहे, आणि शाईच्या चुकीपायी कोणी नांदायला जात नाही.

तुझ्या पत्रात भिंत आली, गाड्या आल्या, बाबांचा सोहळा आला. तुला जायचं आहे का, ते कुठे दिसलं नाही. माझी नजर अजून अधू नाही, दोनदा वाचलं. मला नवव्या वर्षी इथं आणलं तेव्हा कोणी विचारलं नव्हतं. वाड्यात जेवणारं एक तोंड कमी करायचं होतं. मी इथं वाईट नाही. पण विचारायला हवं होतं.

पुढच्या पत्रात एका ओळीत लिही. विखरून नको.

इयोबाईंना म्हणावं, अजून सगळ्यांना रागावता ना? मग ठीक आहात.

तुझी आठवण काढणारी,
आत्या


राजवाडा
बारावा महिना, अकरावी तिथी

ती. आत्याबाईंस,
कृ. सा. न. वि. वि.

मला जायचं नाही.

हे लिहायला उशीर झाला. यंदा थंडी लवकर आली. कोळसा मागच्या महिन्यातच संपला. ते लाकूड अंगणात आहे तसं आहे, वर बर्फ साचतो. आम्ही जाता-येता बघतो.

इयोबाईंना खोकल्यानं धरलं. पाच दिवस ताप उतरेना. वैद्य म्हणाला की खोली उबदार ठेवा, नाहीतर त्याला पुन्हा बोलावू नका. मी अंगणात गेले आणि एका मोळीची दोरी सोडू लागले. बोटं बधिर होती, गाठ सुटेना. इयोबाईंनी आतून ओळखलं. त्या उठून बसल्या आणि ओरडल्या, की कार्टे, माझ्या नावावर सासरी जाऊ नकोस, मेल्यावर मला तोंड दाखवायचं आहे तुझ्या आजीला. त्यांना परत निजवायला दोघी लागल्या.

तोवर बाबा दक्षिणेच्या दालनात गेले होते. तिथं त्यांच्या सोहळ्यासाठी आजोबांनी करून ठेवलेला सिंहासनाचा लाकडी चौथरा होता. कुऱ्हाड कशी धरतात ते त्यांना ठाऊक नाही. पहिला घाव खांबावर बसला. तिसऱ्या प्रहरी ते ओंजळभर फळकुटं घेऊन आले. इयोबाई रडू लागल्या, तेव्हा म्हणाले की सतरा वर्षं छपराखाली वाळलेलं लाकूड आहे, याच्यासारखं जळाऊ राजधानीत मिळायचं नाही.

चौथरा नऊ दिवस पुरला. ताप आठव्या दिवशी उतरला.

दुसऱ्या दिवसापासून बाबांऐवजी मीच त्याच्या फळ्या फोडल्या. माझा नेम बरा आहे.

लोभ वाढता ठेवावा,
चिकाको


राजवाडा
ड्रॅगनचं वर्ष, दुसरा महिना, तिसरी तिथी

ती. ताईस,
शि. सा. न.

काल कुसाबेचा कारकून आला. पत्र वाचणारा तोच. ढिगाभोवती दोनदा फिरला, प्रत्येक दोरीला हात लावून पाहिला. बर्फानं दोऱ्या ताठरल्या होत्या, पण गाठी त्याच्याच माणसांनी मारलेल्या. मग त्यानं विचारलं की हिवाळाभर राखण कोणाची होती. चिकाको म्हणाली, कोणाची नाही.

त्याला सोहळ्याचं दालन पाहायचं होतं. दाखवलं. चौथऱ्याच्या जागी जमिनीवर फिकट चौकोन राहिला आहे. चौथरा कुठं गेला, असं त्यानं इयोबाईंना विचारलं. त्यांनी खोकून दाखवलं आणि छातीवर हात ठेवून सांगितलं की इथं आत आहे.

मग त्यानं आपली माणसं बोलावली, आणि दुपारपर्यंत ते लाकूड परत बारा गाड्यांत भरून झालं. पालखी येणार नाही, असं तो आपणहून म्हणाला. धन्याला काय सांगायचं ते तो पाहून घेईल. सोहळाही आता माझ्या हयातीत व्हायचा नाही. चिकाकोला हे मी नीट सांगितलं. ती म्हणाली की माहीत आहे, आणि मुळे निवडत राहिली. मीही निवडत होतो.

गाड्या निघाल्यावर कारकून पडक्या भिंतीपाशी थांबला, वळला, आणि राज्यारोहणाला करतात तसे त्यानं तीन दंडवत घातले. त्याचं उत्तर कसं द्यायचं ते मला कोणी शिकवलंच नव्हतं. हातातला मुळा खाली ठेवला आणि ताठ बसलो.

तुझ्या धाकट्यावर माया असू दे.