हीटरवरची दोन अक्षरं

प्रिय आई,

आज ओवीला डॉक्टरांकडे नेलं होतं. तिथून आल्यापासून तुम्हाला लिहिल्याशिवाय राहवेना. महिनाभर खोकतेय पोरगी. तुमची नात सात वर्षांची झाली, दवाखान्यात माझी दुभाषी आता तीच!

डॉक्टर जपानीत सारखे "कांकी, कांकी" म्हणत होते. ओवी म्हणाली, "मम्मा, ते विचारतायत, हवा बदलता का?" मला वाटलं, हवापालट! म्हटलं, "सांग त्यांना, पप्पाला सुट्टी नाही, जाणार कुठे?" ती खो खो हसली. "अगं, घरातली खिडकी उघडतेस का, तासातासाला?"

डॉक्टरांनी कागदावर त्याच "कांकी"ची, म्हणजे हवा बदलण्याची, दोन अक्षरं काढून दिली. बघते तर काय, आपल्या रॉकेलच्या हीटरवर लाल दिवा लागला की दिसतात तीच! मी समजायची, रॉकेल संपत आल्याची खूण. बटण दाबायचं, पुन्हा पेटवायचा. तीन हिवाळे हेच केलं!

आणि तुम्ही? नाना गेल्यावर हवापालटासाठीच तर तुम्हाला इथे जपानला, ग्योतोकुला आणलं होतं ना? आणून दोन खोल्यांत कोंडलं. भाषा येत नाही, बाहेर हाडं गोठवणारी थंडी, मिलिंद दिवसभर ऑफिसात. काचांवरून पाणी ओघळायचं. "जीव घुसमटतोय गं, डोकं जड झालंय," म्हणत तुम्ही खिडकी उघडायचात आणि मी धाडकन लावायची. "आई, हीटर चालू आहे, कळत नाही का?"

भांडायचंत तरी माझ्याशी!

मग मीच मिलिंदचे कान भरले. "आईंना भ्रम व्हायला लागलाय, ऐन थंडीत खिडक्या उघडतात. पुण्याला पाठवू या." खरं सांगू? मला तेव्हाही ते पटलेलं नव्हतं. मला फक्त माझी खोली परत हवी होती. मीही तिथे कोंडलेलीच होते हो!

तुम्ही गेलात, आणि वर्षाच्या आत कायमच्याच गेलात. मिलिंद अजून लोकांना सांगतो, शेवटी आईचं डोकं ठिकाणावर नव्हतं. मी शेजारी बसून मान डोलावते.

खिडकी आता मी उघडीनच, त्यात काय मोठंसं! पण तो घरी आला की जेवायला बसण्याआधी सांगणार आहे, तुझी आई शेवटपर्यंत शहाणी होती, खोटं मी बोलले. हे वचन देते. मग तो मला काय म्हणायचं ते म्हणो.

तुमची सून,
वैशाली