दिष्ट काढणारीचे डोळे

३ फेब्रु.
बेळगावला जाऊन गोळी गिळून आले. एवढीशी किरणांची गोळी. गळ्यातली थायरॉइडची गाठ आतल्या आत जाळते म्हणे. पंधरा दिवस पोराजवळ जायचं नाही. म्हणून सुचिता (सून) नातीला, ओवीला घेऊन केरीला माहेरी गेली. ओवी हात करत होती घे म्हणून. लांबूनच म्हटलं, जा गो.
ताट वेगळं, न्हाणी वेगळी. हे म्हणतात, "काळोखात चमाकतलंस आता." यांना थट्टा सुचते.

२२ फेब्रु.
आल्या दोघी. ओवी मांडीवरून उठेना. छाती अजून धडधडते, पण पहिल्यासारखी नाही.
शेजारची शेवंती नातवाला घेऊन आली. दूध घेत नाही. मिरच्या-मीठ उतरवून चुलीत टाकलं. जरासुद्धा ठसका नाही. म्हणजे केवढी दिष्ट! घरी जाऊन पोर प्यालं. वाड्यावरची सगळी पोरं माझ्याच हाताखालून गेली, त्यांचे बाप पण.

९ एप्रिल
डोळ्यांत वाळू गेल्यासारखं. लाल. आरशात बघितलं तर कोणी गळा दाबल्यासारखे बाहेर आलेत.
शेवंती: "काय गो झाला तुझ्या डोळ्यांका? रागान बघतंस जणू."
म्हटलं, तुला बघून राग येतोच.

१७ एप्रिल
डॉ. म्हणतो गाठ मेली, ते काम झालं. पण अंगच अंगाशी भांडतं, ते भांडण आता डोळ्यांमागे गेलंय. त्या गोळीनंतर काही जणांचं वाढतं. आधी सांगितलं होतं म्हणे. सांगितलं असेल. मला धडधड थांबायला हवी होती, बाकी कोण ऐकतो.
विडीचा धूर वाईट डोळ्यांना. हे आता काजूखाली जाऊन ओढतात. तिथूनही वास येतो.

४ मे
झोपेत पण डोळे पुरे मिटत नाहीत. सुचिता पहाटे पाणी प्यायला उठली, मला बघून तांब्या टाकला. मी झोपलेली. तिला वाटलं...

आता पट्टी चिकटवून निजते.

१५ मे
ओवीने माझ्याकडे बघून भोकाड पसरलं. तोंड आईच्या मानेत. आजी आहे गो, आजी. जास्तच.
दुपारी शेवंतीचा आवाज कुंपणापलीकडून, सुचिताला सांगत होती: "इतक्या वर्सांची लोकांची दिष्ट काढल्यान. ती जातली खंय? बसली डोळ्यांत."
बाहेर जाऊन शिव्या द्यायच्या होत्या. गेले नाही. सुचिता काय बोलते ते ऐकायचं होतं. काहीच बोलली नाही.

१८ मे
सुचिता केरीला. "चार दिवस जाऊन येतंय आई." कपडे चार दिवसांचे नव्हते. पाळण्याची दोरी पण नेली.

६ जून
दिगू (मुलगा) तुयेच्या कारखान्यातून येतो, जेवतो, निजतो. बायकोला आण म्हटलं की "आणतंय गे." आई की बायको, मधल्या मध्ये सुकतोय मेला.
वाड्यावरचं एकही पोर आलं नाही गेल्या महिन्यात. शेवंती नातवाला घेऊन पेडण्याला कुणाकडे दिष्ट काढायला गेली. जाऊ दे. मी काय दुकान मांडलंय?

१३ जून
सलाईनमधून औषध सुरू. तोंड सुजलं, भूक राक्षसासारखी. सगळं दोन-दोन दिसतं. चहा कपाबाहेर ओतला. डॉ. म्हणे डोळ्यांची सूज उतरेल, पण ते पहिल्यासारखे होतीलच असं नाही. मग ऑपरेशन, ते पण सगळं थंड झाल्यावर. कधी थंड होणार? खांदे उडवतो.
दिगूच्या फोनवर ओवी बघायला मागितली. मी समोर आले तशी सुचिताने फोन वर केला. पंखा दिसला. पंखाच बघितला.

३० जून
सुचिता आली, ओवीला घेऊन, पावसातून. उंबऱ्याबाहेरच उभी. पोर वाळलंय. खात नाही, रात्रभर किंचाळतं. डॉ.कडे नेलं, औषध दिलं, गुण नाही.
"आई, केरीक माझ्या आवशीच्या हातान उतरत नाय. तुमीच काडा." मग खाली बघून, "पण डोळे मिटून काडा."
म्हटलं, मिटत नाहीत गो ते.
पागोळ्या गळत होत्या. मग पदर ओढला तोंडावर, हनुवटीपर्यंत. म्हटलं बसव तिला पाटावर.
पदरातून धूसर दोन ओव्या. मधोमध हात फिरवला. कोणाकोणाची लागली ते म्हणताना आल्यागेल्याची म्हटलं, शेजाऱ्याची म्हटलं, आईबापाची म्हटलं. घरच्यांची म्हणायचं असतं. तिथे जीभ अडकली. सुचिता बघत होती. म्हटलं. माझी पण लागली असेल तर जाऊ दे म्हटलं.
चुलीत टाकलं. ठसका आला की नाही मला कळलं नाही. तोंडावर पदर, त्यात औषधाने नाकाला काहीच झोंबत नाही. सुचिताला विचारलं नाही.
ओवी पदराचं टोक ओढत होती. मी सोडलं नाही.
जाताना म्हणाली, "आज निजली तर सकाळी फोन करतंय. मग येतंय हयंच रवाक."
नाही निजली तर काय, ते बोलली नाही.

१ जुलै
सकाळी फोन वाजला. केरीचा. पेज ढवळत होते. निजली असणार, म्हणजे माझीच लागली होती.
वाजू दिला.