लिता, सही करू नकोस

ओलोंगापो,
फिलिपिन्स,
३ फेब्रुवारी

चि. लिता हिस अनाक्लेतो काकाचे अनेक आशीर्वाद.

तुझ्या हॉस्पिटलातल्या मैत्रिणीचा काल फोन आला. जानेवारीत वडिलांच्या पहिल्या स्मृतिदिनाच्या प्रार्थनेला इथे आलीस, सगळ्यांना जेवू घातलंस, आणि परत जाताना तुला अमेरिकेच्या विमानतळावरच अडवून कोठडीत टाकलं म्हणे. दोन आठवडे तुझा फोन नाही, म्हणून तुझी काकू मला रोज टोचत होती. मी तिला सांगत होतो, पोरगी कामात असेल.

हे बघ, काहीतरी कागदांचा घोळ असणार. बावीस वर्षं तिथे राहून तू म्हाताऱ्यांची सेवा केलीस, ग्रीन कार्ड आहे, कर भरतेस. ती माणसं नियमाची आहेत. सव्वीस वर्षं मी इथल्या त्यांच्या आरमारी तळावर त्यांची जहाजं सांधली. कोणी कधी वावगा शब्द बोललं नाही. तेव्हा वाद घालू नकोस. जिथे म्हणतील तिथे सही कर आणि मोकळी हो. तू बापाच्या वळणावर गेली आहेस, याचीच मला धास्ती. तळ हटवा म्हणून तो मोर्चे काढायचा, आणि त्यापायी आम्ही सख्खे भाऊ वर्षभर बोललो नव्हतो.

एप्रिलमध्ये त्यांचं लढाऊ जहाज बंदरात येतंय. आम्हा जुन्या कामगारांना नेहमीप्रमाणे जेवणाचं बोलावणं आलंय. मी माझ्या ठेवणीतल्या बारोंग सदऱ्याला आत्ताच इस्त्री करून घेतली, तर तुझी काकू पुरिता विचारते, लग्नात तरी एवढी कडक इस्त्री केली होतीस का. तू सुटलीस की लगेच कळव, म्हणजे मी तिला उत्तर देण्याच्या मनःस्थितीत येईन.

इथे सगळ्यांचा जीव तुझ्यात आहे, हे ध्यानात असू दे.

तुझा,
अनाक्लेतो काका


डिटेन्शन सेंटर, सीडर बेंड, अमेरिका
२४ फेब्रुवारी

ती. अनाक्लेतो काकांस, लिताचा सा. न. वि. वि.

तुमचं पत्र फोडलेलं मिळालं. इथे आधी ते वाचतात, मग आम्ही. हे पत्र मात्र माझ्या वकीलबाई फोटो काढून तुमच्या शेजारच्या डोलोरेसच्या फोनवर पाठवणार आहेत. त्यांचं नाव हॅल्व्हर्सन. साठीच्या आहेत, पायात गमबूट घालून येतात आणि पहारेकऱ्यांना शाळेतल्या बाईंसारख्या दटावतात.

काका, मी सही केलेली नाही. आणि का केली नाही ते सांगायचं तर आधी एक गोष्ट कबूल करायला हवी. अमेरिकेत आले त्या पहिल्या हिवाळ्यात मी दुकानातून एक कोट पैसे न देता अंगावर घालून बाहेर पडले. दारातच पकडलं. कोर्टात गुन्हा कबूल केला, न्यायाधीशाने सांगितली ती शिक्षा भोगली, विषय संपला. लाज वाटली म्हणून घरी कोणालाच सांगितलं नाही. बाबांनाही नाही.

एवढ्या वर्षांनी विमानतळावरच्या अधिकाऱ्याने तो कोट उकरून काढला. तीन दिवस एका गारठलेल्या खोलीत बाकावर बसवून ठेवलं. दिवा कधी मालवत नव्हते. फोन करू दिला नाही. तो दर चार तासांनी येऊन एकच कागद पुढे सरकवायचा. मी स्वखुशीने ग्रीन कार्ड सोडते आहे, असं त्यावर लिहिलेलं. सही कर, उद्याच्या विमानाने घरी जाशील, नाहीतर महिनोन्‌महिने सडशील, असं म्हणायचा. हसून म्हणायचा. मी विचारलं, स्वखुशीने आहे तर तुम्हाला एवढी घाई का. त्यावर त्याने माझ्या रक्तदाबाच्या गोळ्या काढून घेतल्या.

हॅल्व्हर्सन बाई म्हणतात, एवढ्या किरकोळ आणि एकुलत्या गुन्ह्याला कायद्यातच सूट आहे. मला अडवायलाच नको होतं. पण सही केली असती तर मग कोर्टात दादही मागता आली नसती.

माझ्या शेजारच्या खाटेवर सेल्मिरा आहे, होंडुरासची. तिला साखरेचा आजार. इन्सुलिन कधी देतात, कधी विसरतात. परवा ती बोलता बोलता पडली. मी पहारेकरणीला ओरडून सांगितलं की मी नर्स आहे, हिला आत्ता डॉक्टर हवा. ती म्हणाली, इथे तू कोणी नाहीस.

काका, कोटाचं वाचून तुम्हाला राग येईल. रागवा, पण पत्र लिहा.

आपली,
लिता


ओलोंगापो,
१ मार्च

चि. लिता हिस अनेक आशीर्वाद.

डोलोरेसने पत्र मोठ्याने वाचून दाखवलं. कोटाच्या मजकुराशी आली तेव्हा ती थांबली आणि माझ्याकडे पाहू लागली. तुझी काकू म्हणाली, थांबतेस काय, वाच पुढे.

मग तिनेच माझं बिंग फोडलं. आपल्या स्वयंपाकघरावरचे पत्रे कुठून आले ते सांगू का पोरीला, असं मला विचारलं. तूही ऐक. ते तळावरचे आहेत. न्हाणीघरातला नळ आणि मागच्या दाराच्या बिजागऱ्याही. सव्वीस वर्षांत मी डब्यातून, पिशवीतून आणि एकदा तर पँटच्या पायातून त्यांचं एक छोटं जहाज होईल एवढं सामान घरी आणलंय. तू थंडीत कुडकुडत एक कोट आणलास. या घरात तुला बोल लावण्याची कोणाची छाती नाही.

आता मुद्द्याचं. मागच्या पत्रात मी जे लिहिलं ते पुसून टाक. सही करू नकोस. मेलीस तरी करू नकोस, असं लिहिलं होतं, पण तुझ्या काकूने तो शब्द खोडायला लावला. ती म्हणते, जगून करू नकोस.

कोणी कधी वावगा शब्द बोललं नाही, असं मी लिहिलं होतं. रात्रभर विचार केला. झडतीच्या रांगेत रोज हात वर करून उभे राहायचो आम्ही. एकाच कामाला त्यांच्या माणसाला एक भाव, आम्हाला दुसरा. मला तो अपमान वाटला नाही, एवढंच खरं. तळ बंद झाला तेव्हा मी रडलो होतो आणि तुझ्या बापाने शेजाऱ्यांना पान्सितच्या शेवया वाटल्या होत्या. आज तो असता तर त्याला सांगितलं असतं की लेका, तू माझ्यापेक्षा लांबचं पाहिलंस.

गल्लीत तुझी गोष्ट सगळ्यांना कळली आहे. पूर्वी नर्सिंगला जाणारी इथली प्रत्येक पोरगी अमेरिकेच्या नावाने मेणबत्ती लावायची. डोलोरेसच्या दोन मुलींनी तिकडचा अर्ज मागे घेतला. आता त्या चर्चमागच्या क्लासला जर्मन शिकतात. घशात माशाचा काटा अडकल्यासारखे आवाज काढतात, आणि त्यांच्या वर्गात बसायला जागा नाही. तिसरी जपानला चालली. कोणी त्यांना सांगितलं नाही हो. त्यांचं त्यांनीच ठरवलं.

तू हवं तर परत ये. पण तुझ्या मर्जीने ये. हाकलली म्हणून नाही.

देव तुझ्या पाठीशी आहे आणि आम्ही देवाच्या पाठीमागे लागलो आहोत.

तुझा,
काका


डिटेन्शन सेंटर, सीडर बेंड
२६ मार्च

ती. काकांस सा. न. वि. वि.

आठ दिवस एकटीला कोंडलं होतं. काल बाहेर काढलं.

झालं असं. सेल्मिरा दुसऱ्यांदा पडली तेव्हा मी यादी करायला घेतली. कोणाला कोणता आजार, कोणतं औषध, कोणत्या तारखेपासून बंद, डॉक्टर मागितला कधी, आला का. आमच्या कक्षात साठ बायका. कोणी हैतीची, कोणी पंजाबची, कोणी पेरूची. भाषा नाही कळली तर गोळीचा रंग विचारायचा, दुखतं तिथे हात ठेवायला सांगायचं. अडीच आठवड्यांत यादी पुरी झाली आणि त्याच दिवशी झडतीत सापडली. माझ्यासमोर फाडली आणि मला नेलं.

पण काका, आम्हाला हे होणार हे माहीत होतं. रोज जेवणाच्या वेळी आम्ही ती यादी पाठ करत होतो. पंधरा जणींनी ती वाटून घेतली होती, प्रत्येकीने निदान चौघींचं सांभाळायचं. नाव, औषध, तारीख. सेल्मिराला लिहिता-वाचता येत नाही, तिने सात जणींचं पाठ केलं.

मी आत असताना हॅल्व्हर्सन बाई आल्या. मला भेटू दिलं नाही, म्हणून त्यांनी सेल्मिराला बोलावलं. मग तिच्यामागून दुसरीला, तिसरीला. पंधरा जणी एकेक करून गेल्या आणि जपमाळ म्हणावी तशा म्हणत गेल्या. चार दिवस लागले. साठही जणी कागदावर उतरल्या, एक तारीख चुकली नाही. बाईंनी सगळ्यांच्या वतीने मोठ्या कोर्टात दावा लावला आहे.

त्या बंद खोलीत मला काही कळायला मार्ग नव्हता. आठव्या दिवशी कक्षात आले तर सगळ्या उठून उभ्या राहिल्या. मोठ्याने बोलायला बंदी आहे. नुसत्या उभ्या राहिल्या.

काकूला सांगा, जगून आहे आणि सही केलेली नाही.

आपली,
लिता


ओलोंगापो,
१४ एप्रिल

चि. लिता हिस अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मी जुन्या कामगारांच्या बैठकीत वाचलं. आता आम्ही अकराच उरलोय, आणि त्यातल्या तिघांना ऐकू येत नाही, म्हणून दोनदा वाचावं लागलं. वाचून झाल्यावर क्रेनवाला मेलितोन उठला. तोच ना, ज्याच्या भिंतीवर त्यांचा झेंडा होता. तो म्हणाला, मी काही त्या जेवणाला जायचा नाही, माझ्या दातांना त्यांचं मांस आता झेपणार नाही. सगळे हसले, आणि हसता हसता ठरूनच गेलं.

शनिवारी जहाज आलं. पोरी, काय ती जागा सजवली होती म्हणे! बँड, पांढरे टेबलक्लॉथ, आमच्या नावांच्या पाट्या. पूर्वी जहाज आलं की रस्त्यावर माणूस मावत नसे. या वेळी बँड वाजला तो अकरा रिकाम्या खुर्च्यांसमोर आणि दोन-चार आइस्क्रीमवाल्यांसमोर. गावच्या पेपरात फोटो आला.

दुसऱ्या दिवशी एक तरुण अधिकारी पत्ता शोधत घरी आला. दारात बूट काढले. तुझ्या काकूने कॉफी दिली. आमचं काही चुकलं का, असं त्याने अदबीने विचारलं. मी त्याला तुझं सगळं सांगितलं, कोटापासून. म्हटलं, तुझी तोफ पूर्वीपेक्षा मोठी आहे, मला दिसतं की. पण आम्ही तोफेला भुलून येत नव्हतो रे बाबा. तुमच्याकडे बोलावून घेतलेल्या माणसाला तुम्ही नीट वागवता, अशी आमची समजूत होती, त्यासाठी येत होतो. ती तुम्ही मोडलीत. आता बँड कितीही वाजवा.

त्याने कप खाली ठेवला. मला काही वचन देण्याचा अधिकार नाही, म्हणाला. मी म्हटलं, मागितलंय कोणी? फक्त वर जाऊन सांग की त्या अकरा म्हाताऱ्यांना विसर पडलेला नाही, ते मुद्दाम आले नाहीत.

तुझी काकू म्हणते, त्या बारोंगचं आयुष्यात पहिल्यांदा चीज झालं. मी तो न घालता घरी बसलो.

कोर्टाचं काय झालं ते कळव. डोळे तिकडे लागलेत.

तुझा,
काका


सीडर बेंड, माझ्या घरून
५ मे

ती. काका आणि सौ. काकू यांस, लिताचा सा. न. वि. वि.

वर पत्ता वाचलात ना? आणखी एकदा वाचा. घरून.

माझा खटला एका सकाळी संपला. न्यायाधीशांनी सरकारी वकिलाला विचारलं, कोणत्या कलमाखाली या बाईंना साडेतीन महिने ठेवलं. त्याने कागद चाळले. पुन्हा चाळले. न्यायाधीश म्हणाले, घाई नाही, शोधा. सगळं कोर्ट त्याच्या कागदांचा आवाज ऐकत बसलं होतं. शेवटी त्याने मान्य केलं की सूट लागू होते. मग न्यायाधीश माझ्याकडे वळून म्हणाले, तुम्हाला अडवायलाच नको होतं. आणि माझं कार्ड त्याच दिवशी हाती द्यायचा हुकूम दिला.

खरा विजय मात्र त्याच आठवड्यातला. साठ जणींच्या दाव्यात मोठ्या कोर्टाने ती यादी अख्खी वाचून घेतली. आतलं औषधपाणी आता बाहेरचे डॉक्टर पाहणार, औषध काढून घ्यायचं नाही, शिक्षा म्हणून एकटीला कोंडायचं नाही, आणि दबाव आणून घेतलेल्या सह्या रद्द! आमच्या कक्षातल्या नऊ जणींनी घाबरून सही केली होती, त्या नऊही जणींना आता सुनावणी मिळणार. सेल्मिराने सात नावं सांगितली ते ऐकून न्यायाधीशांनी चष्मा काढून ठेवला, असं हॅल्व्हर्सन बाई सांगत होत्या. त्या स्वतः मात्र गाडीत बसून हमसून हमसून रडल्या, ते मी पाहिलं.

मी सुटले तेव्हा सेंटरच्या दारात आमच्या हॉस्पिटलच्या नर्सा गणवेशात उभ्या होत्या. माझ्या वॉर्डातल्या एका आजोबांनीही चाकाच्या खुर्चीतून यायचा हट्ट धरला होता. माझा हात धरून ते म्हणाले, लिता, मी या सरकारला मत दिलं होतं, मला हे माहीत नव्हतं. मी म्हटलं, आता माहीत झालं ना. गेल्या सोमवारी त्यांच्या जखमेची पट्टी मीच बदलली.

काका, मी परत येत नाहीये. म्हणजे डिसेंबरात येईन, जेवायला, भांडायला. पण राहीन इथे. हा देश मोठा आहे म्हणून नव्हे. तो मोठा असो की लहान होवो, त्याचं तो बघेल. माझं घर इथे आहे, माझे म्हातारे इथे आहेत, आणि आतल्या बायकांना भेटायला दर गुरुवारी बाहेरून कोणीतरी गेलं पाहिजे. पुढच्या महिन्यात राजधानीत संसदेच्या समितीपुढे साक्षीला बोलावलंय. मी हो म्हटलं. सेल्मिराही येणार आहे.

निकालानंतर सेल्मिरासकट सतरा जणींना जामिनावर सोडलं, त्या काल रविवारी दुपारी माझ्याकडे जेवल्या. मी सिनिगांगचं आंबट सार केलं, पंजाबच्या मावशींनी त्यात आणखी मिरच्या घातल्या, हैतीच्या मुलीने केळी तळली. खुर्च्या चारच, बाकीच्या जमिनीवर. तीन महिने दबल्या आवाजात बोलायची सवय लागलेली, त्यामुळे आधी सगळ्या कुजबुजत होत्या. मग सेल्मिरा एकदम मोठ्याने हसली, अगदी पोट धरून, आणि सगळ्यांचा आवाज सुटला. खालच्या मजल्यावरची शेजारीण वर आली. आम्हाला वाटलं तक्रार करायला आली. तिच्या हातात केक होता.

भात कमी पडला. मी दुसरा लावला, तोही संपला.

तुमच्या दोघांच्या आशीर्वादावर माझा हक्क आहे, तो असाच चालू ठेवा.

आपली,
लिता